हलक्या कागदावर शाई फुटते: शाई बदलू, निब बदलू की कागदाचा नाद सोडू?

समासातली_खूण:

मी मुद्रितशोधनाचं काम करते. प्रुफं लेझर प्रिंटरवर छापून येतात आणि कागद निवडणं माझ्या हातात नाही, ज्या रीमची खरेदी झाली असेल त्यावर काम करायचं. दिवसभर बॉलपेन दाबून अंगठ्याचं बूड ठणकायला लागलं म्हणून शाईच्या पेनाकडे वळले. हात इतका सुखावला की आता मागे जायची इच्छा नाही.

अडचण अशी की हीच शाई, हेच पेन माझ्या वहीत सुरेख चालतं आणि प्रुफावर मात्र शाई फुटते. रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक केस निघतात, अनुस्वाराचा डाग होतो, 'ष'चं आणि 'ध'चं पोट भरून जातं. समासात लिहिलेली वेलांटी पहिली आहे की दुसरी हेच पुढच्याला कळलं नाही, तर माझ्या दुरुस्तीचा उपयोग काय? शिवाय शाई मागे उतरते, आणि प्रुफं पाठपोट छापलेली असतात.

शाई गडद जांभळी आहे, निब मीडियम. रीमच्या वेष्टनावर ७५ जीएसएम लिहिलंय, म्हणजे कागद फार पातळही नाही. खुणा छपाईच्या काळ्या अक्षरांपासून वेगळ्या उठून दिसायला हव्यात, त्यामुळे काळी शाई नको. बाकी काहीही बदलायची तयारी आहे. कोणी या वाटेने गेलंय का?

दौत_भरली:

कागद जाड घ्यायला सांगा. १०० जीएसएमवर हा त्रास होत नाही. तेवढं शक्य नसेल तर जेल पेन.

लगदा_ते_रीम:

मी कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. कागदावर पाणी टाकून तो किती पितो हे मोजणं हा माझ्या कामाचा मोठा भाग होता, त्यामुळे जरा लांबण लावतो. तुमचा प्रश्न फार लोकांना पडतो आणि बहुतेकांना जीएसएम वाढवण्याचाच सल्ला मिळतो. त्या सल्ल्याने रिकामा खर्च होतो.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन. शाई फुटेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. टोमोए रिव्हर नावाचा प्रसिद्ध जपानी कागद ५२ जीएसएमचा. तो इतका पातळ की मागची अक्षरं सावलीसारखी दिसतात, पण शाई फुटत नाही आणि आरपारही जात नाही. उलट टिपकागद याच्या कितीतरी पट जाड असतो आणि दिसेल तो थेंब पिऊन टाकतो. जाडी वाढवल्याने शाई मागे उतरणं थोडं कमी होईल. केस फुटणं तसंच राहील.

खरा फरक खळीचा. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी, आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. दोन तंतूंमधल्या फटीतून पाणी कंदिलाच्या वातीतल्या तेलासारखं आपोआप चढत जातं. ते अडवायला तंतूंवर पाणी नाकारणारा थर द्यावा लागतो. हीच खळ, कारखान्यात ती देण्याला सायझिंग म्हणतात. पूर्वी तयार कागद सरसाच्या पाण्यात बुडवत. १८०७ साली इलिग या जर्मन माणसाने राळ आणि तुरटी थेट लगद्यातच घालण्याची रीत प्रसिद्ध केली आणि पुढे दीडशे वर्षं जवळपास सगळा लिहिण्याचा कागद तसा झाला. तुरटीमुळे तो कागद आम्लधर्मी व्हायचा, म्हणून जुनी पुस्तकं हातात घेतली की तुकडे पडतात. आता एकेडी किंवा एएसए ही कृत्रिम रसायनं वापरतात आणि वरून स्टार्चचा हात देतात.

आता प्रिंटरच्या स्वस्त कागदाचं बघा. लेझरचा टोनर ही प्लास्टिकची भुकटी, ती उष्णतेने वितळून पृष्ठभागावर चिकटते. तिला खळीशी फारसं देणंघेणं नाही. बॉलपेनची शाई तेलकट आणि तुमच्या शाईपेक्षा हजारो पटींनी घट्ट, तिलाही नाही. म्हणजे हा कागद वापरणाऱ्या बहुतेकांना खळ कमी आहे हे कधी कळतच नाही, आणि काटकसर करायची तर ती तिथेच होते. त्यात पुनर्वापराचा लगदा असेल तर तंतू आखूड आणि तुटलेले, आणि शाई काढताना वापरलेल्या साबणासारख्या रसायनांचा अंश मागे राहिलेला. पांढरेपणासाठी घातलेली कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी कागदाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत असू शकते, आणि ती तंतूंच्या वाट्याची खळ स्वतःकडे ओढून घेते. एकाच नावाच्या दोन रीम वेगळ्या वागतात त्याचं कारणही बहुतेक वेळा इथेच असतं.

आम्ही हे कॉब चाचणीने मोजायचो. ठरावीक क्षेत्रावर पाणी ओतायचं, ६० सेकंदांनी जास्तीचं टिपून काढायचं आणि कागदाचं वजन किती वाढलं ते पाहायचं. तुम्हाला वजनकाट्याची गरज नाही. प्रुफाच्या कोऱ्या कोपऱ्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब घुमटासारखा उभा राहिला तर खळ ठीक आहे. बघता बघता आडवा झाला आणि कडेने दातेरी ओल पसरली, तर कुठलीही शाई त्यावर आदर्श वागणार नाही. मग प्रश्न फक्त कमीत कमी फुटणारी शाई शोधण्याचा.

हा थेंब कागदाच्या दोन्ही बाजूंना टाकून बघा. कागद तयार होताना लगदा एका चालत्या जाळीवर ओतला जातो आणि पाणी खालून निथळतं. जाळीकडच्या बाजूने बारीक कण आणि भुकटी वाहून जाते, त्यामुळे दोन्ही अंगं सारखी नसतात. तुमच्या खुणा एका बाजूला जास्त फुटत असतील तर तो भास नाही.

शाईबद्दल उद्या लिहितो.

कायम_निळीकाळी:

वरचं वाचून बऱ्याच गोष्टी जागेवर बसल्या. मी जाडजूड नोंदवह्यांमध्ये लिहिते. त्यांचा कागद पिवळट, खरखरीत, आणि नोंदी वर्षानुवर्षं टिकायला हव्यात. माझं उत्तर एका शब्दात: आयर्न गॉल. म्हणजे लोहाचा क्षार आणि मायफळातलं टॅनिक-गॅलिक आम्ल यांची शाई. लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की गडद होते. प्लॅटिनम कंपनीची ब्ल्यू-ब्लॅक, डायामाइनची रजिस्ट्रार्स, रोहरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स या मी वापरल्यात. खराब कागदावर यांच्याइतकी आखीव रेघ मला दुसऱ्या कुठल्या शाईत मिळाली नाही. पाणी सांडलं तरी अक्षर राहतं, हा माझ्यासाठी मोठा भाग.

समासातली_खूण, तुम्हाला काळ्यापासून वेगळा रंग हवाय तर रोहरर अँड क्लिंगनरचीच स्कॅबिओसा बघा. तीही आयर्न गॉल आहे, पण सुकल्यावरही धुरकट जांभळी राहते. तुमच्या आताच्या रंगाची थोरली बहीण म्हणा.

पेन मात्र वरचेवर धुवावं लागतं. शाई आम्लधर्मी असते आणि आत सुकली तर लोहाचा गाळ धरतो. दुसरी शाई भरण्याआधी तर नक्कीच धुवा, अल्कधर्मी शाईत मिसळली तर साका बसतो.

लगदा_ते_रीम:

कायम_निळीकाळी यांनी माझं अर्धं काम केलं. आता त्यामागचं कारण सांगतो, म्हणजे नवी बाटली समोर आली तर तुम्हाला स्वतःला अंदाज बांधता येईल.

द्रव कागदात किती शिरेल याचं एक जुनं समीकरण आहे, लुकासने १९१८ साली आणि वॉशबर्नने १९२१ साली मांडलेलं. आकडेमोड बाजूला ठेवतो, त्यातल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या. फट जितकी रुंद तितका द्रव आत जातो. द्रव जितका घट्ट तितका हळू जातो. जितका वेळ मिळेल तितका पुढे जातो, पण वेळ चौपट झाला तर अंतर दुप्पट होतं. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: द्रव त्या पृष्ठभागाला किती भिजवतो. खळ दिलेला तंतू पाण्याला भिजवू देत नाही, थेंब वरच्यावर राहतो. पण शाई म्हणजे नुसतं पाणी नव्हे. ती पेनाच्या जिभेच्या (निबखालच्या, शाई पुरवणाऱ्या भागाच्या) बारीक खाचांमधून सुरळीत वाहावी म्हणून तिच्यात सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं भिजवणारं रसायन, घालतात, आणि तोच सर्फॅक्टंट खळीचा विरोध मोडून काढतो. म्हणून पाण्याचा थेंब ज्या कागदावर उभा राहतो त्यावरही एखादी शाई फुटू शकते. पेनवाले जिला 'ओली' शाई म्हणतात, जी सुळसुळीत वाहते आणि निबला लोण्यासारखी चालवते, तिच्याकडून खराब कागदावर फार अपेक्षा ठेवू नका. जिला 'कोरडी' म्हणून नावं ठेवतात, तीच इथे कामाला येते. पेलिकनच्या ४००१ मालिकेतल्या शाया अशा कोरड्या आहेत. आयर्न गॉलही बहुधा कोरड्याच असतात, शिवाय त्यातलं लोह कागदावर धरतं.

दुसरी एक गोष्ट लोक उलटी धरतात. 'लवकर सुकणारी' असं लिहिलेली शाई बघून वाटतं की ही फुटायच्या आत सुकेल. शाई सुकते ती दोन वाटांनी. एक म्हणजे पाणी उडून जाणं, दुसरी म्हणजे कागदात मुरणं. झटपट सुकणाऱ्या शाया बहुतेक मुरून सुकतात, तशाच त्या बनवलेल्या असतात. गुळगुळीत, उत्तम खळीच्या कागदावर त्याचा फायदा होतो. तुमच्या प्रुफावर ती शाई हमखास फुटणार. याउलट ज्या शाया चांगल्या कागदावर सुकायला अंत पाहतात, उदाहरणार्थ नूडलर्सची एक्स-फेदर, त्या खराब कागदावर पुरेशा लवकर सुकतात, कारण कागद स्वतःच तहानलेला असतो. एक्स-फेदर काळी आहे म्हणून तुम्हाला सुचवत नाही, पण तत्त्व ध्यानात ठेवा: दुसऱ्या कोणी 'सुकतच नाही' म्हणून बाजूला ठेवलेली बाटली तुमच्या कागदासाठी योग्य असू शकते.

तिसरा पर्याय पिगमेंटचा. साध्या शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, पाणी जाईल तिथे तो जातो. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म घन कण तरंगत असतात. पाणी तंतूंमधून पुढे पळतं आणि कणांचा मोठा भाग वर अडकून राहतो. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक, सेलरची कीवागुरो या जातीतल्या. रंगीत हवी असेल तर सेलरचीच स्टोरिया मालिका आहे, तिच्यात 'फायर' नावाची लाल आहे. अशी शाई भरलेलं पेन उघडं ठेवू नका आणि आत सुकू देऊ नका. कण एकदा घट्ट बसले की साध्या पाण्याने निघत नाहीत. चित्रकारांची लाखयुक्त इंडिया इंक मात्र पेनात कधीच भरू नये, ती टाक-बोरूसाठी आहे.

आणि वहीत ज्या शाईत गडद-फिक्या छटा किंवा धातूसारखी चमक दिसते, ती प्रुफावर शोधू नका. चमक दिसते ती रंग पृष्ठभागावर साचून स्फटिकासारखा जमला तर. तो खोल शिरला की उरतो तो सपाट, थोडा मळकट रंग. मला स्वतःला असल्या सुंदर शाया खराब कागदावर उधळलेल्या पाहवत नाहीत. त्या पत्रांसाठी ठेवा.

समासातली_खूण:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आज थेंबाचा प्रयोग केला. एका बाजूला थेंब थोडा वेळ तरी उभा राहतो, दुसऱ्या बाजूला टेकवताच आडवा होतो. म्हणजे उजव्या पानांवर माझं अक्षर बरं दिसतं आणि डाव्यांवर बिघडतं, हे मला उगाच वाटत नव्हतं.

आणखी एक निरीक्षण. शाई सगळीकडे सारखी फुटत नाही. काना जिथे शिरोरेषेला मिळतो तिथे, अनुस्वारावर, आणि रफाराच्या टोकाला सगळ्यात जास्त. सरळ रेघ त्यामानाने ठीक. हे कशामुळे? दुसरं, छापलेल्या अक्षरावर काट मारली तर तेवढ्या भागातली शाई सुकतच नाही, तळहाताला लागते.

लगदा_ते_रीम:

निरीक्षण अगदी नेमकं आहे. वर वेळेबद्दल लिहिलं होतं ते इथे लागू होतं. अनुस्वार देताना निब टेकते, क्षणभर थांबते आणि उचलली जाते. रेघ ओढताना ती एका जागी कधीच इतका वेळ नसते. जिथे निब थांबते तिथे कागद तिच्यातून शाई ओढत राहतो. शिरोरेषेच्या सांध्यावर तर आधीच ओली जागा असते, तिच्यावरून दुसऱ्यांदा शाई जाते आणि भिजलेला तंतू आणखी सहज भिजतो. देवनागरीत असे सांधे प्रत्येक अक्षराला येतात, त्यामुळे रोमन लिपीतल्या नमुन्यावर चांगली दिसलेली शाई आपल्याकडे तितकी चांगली दिसेलच असं नाही. शाई पारखताना 'ष्ठ', 'र्ध', 'णीं' असली अक्षरं लिहून बघा, नुसत्या नागमोडी रेघा काढून काही कळत नाही.

समासातल्या खुणांपुरती शिरोरेषा शेवटी, अक्षरं थोडी सुकल्यावर द्या. अनुस्वार टेकवून न देता अगदी छोटा तिरका फटकारा मारा. फरक लगेच दिसेल.

टोनरचं कारण वर आलंच आहे. ते प्लास्टिक आहे, शाई त्यात मुरत नाही आणि कडेच्या कागदापर्यंत पोहोचली नाही तर तशीच ओली बसून राहते. पूर्ण अक्षरावरून जाड काट देण्याऐवजी एक बारीक उभा छेद द्या आणि दुरुस्ती समासात लिहा. टिपकागदाचा एक तुकडा हाताखाली ठेवलात तर तळहाताचा घाम आणि तेलही कागदाला लागणार नाही. तेलाच्या डागावर शाई धरत नाही आणि घामाने ओलसर झालेल्या जागी जास्त फुटते.

निबवेडा:

शाईवर सगळं बोलून झालंय, निबवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मीडियमवरून एक्स्ट्रा फाइनवर या, आणि शक्यतो जपानी. जपानी पेनांचं फाइन साधारणपणे युरोपीय पेनांच्या फाइनपेक्षा बारीक असतं. कागदावर शाईच कमी पडली तर फुटायला उरतं काय? नवं पेन घ्यायचं नसेल तर आहे तीच निब उलटी धरून लिहून बघा. बऱ्याच निबा उलट्या बाजूने केसासारखी रेघ देतात, थोडं खरखरतं, पण समासातल्या चार शब्दांना चालतं.

खाली प्रुफांचा गठ्ठा ठेवून लिहू नका, एक कडक पुठ्ठा किंवा पाटी घ्या. मऊ पृष्ठभागावर निब रुतते, हात नकळत दाब देतो, चीर उघडते आणि शाई जास्त उतरते. तुम्ही बॉलपेनवरून आलेल्या आहात, दाबाची सवय जायला वेळ लागेल. शाईच्या पेनाला त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त दाब लागत नाही.

बारीक निबचा एक त्रास सांगून ठेवतो. अशा भुसभुशीत कागदाचे सुटे तंतू निब ओढून घेते आणि एखादा चिरेत अडकतो. मग एक्स्ट्रा फाइन अचानक जाड लिहायला लागते आणि माणूस शाईला दोष देतो. रेघ अशी एकाएकी जाडावली तर आधी निब उजेडात धरून बघा आणि पाण्याखाली धुऊन मऊ कापडाने टिपा.

समासातली_खूण:

स्कॅबिओसा मागवलीय. ती येईपर्यंत जुनीच शाई उलट्या निबने आणि खाली पुठ्ठा घेऊन चालवतेय, वेलांट्या आता वाचता येतात. एक विचारायचं राहिलं: फुटू नये म्हणून शाईत थोडं पाणी किंवा डिंक घालतात असं ऐकलंय. करून बघू का?

लगदा_ते_रीम:

डिंक घालू नका. टाकाच्या शाईत तो पूर्वीपासून घालतात, शाई घट्ट होते आणि निबवर टिकून राहते. टाक दर वेळी पुसला जातो म्हणून तिथे चालतं. पेनाच्या जिभेत तो साठत जाईल आणि वाट बुजवेल. पाण्याने शाई पातळ होते, घट्ट होत नाही. रंग फिका झाल्यामुळे फुटलेले केस कमी दिसतील, पण तुमची खूणही तितकीच फिकी पडेल, आणि मुद्रितशोधनात ते परवडणार नाही. रीम उघडी पडून राहत असेल तर ती वेष्टनातच ठेवायला सांगा. दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि मग चांगली शाईही फुटते. स्कॅबिओसा भरण्याआधी पेन पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, जुन्या जांभळ्या शाईचा थेंबही त्यात राहू देऊ नका.